चौथी इंग्रजीचा सत्कार आणि आपले गुणगौरव सोहळे

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये फ्लेक्स झळकू लागतात. 'गुणवंत विद्यार्थ्यांचा भव्य सत्कार.' खाली अट असते : दहावीला ८० टक्क्यांच्या वर, बारावीला ७५ च्या वर, गुणपत्रिकेची झेरॉक्स अमुक तारखेच्या आत आणून द्यावी. मग समाजमंदिरात किंवा एखाद्या हॉलमध्ये कार्यक्रम होतो. महामानवांच्या प्रतिमांना हार, पाहुण्यांचं स्वागत, पाहुण्यांबरोबर आलेल्यांचंही स्वागत, सन्मानचिन्ह, गुलाबाचं फूल, फोटो. तीन तासांच्या कार्यक्रमात मुलाच्या वाट्याला स्टेजवरचे वीस सेकंद येतात.

या कार्यक्रमांना माझा विरोध नाही. मीही असे कार्यक्रम घेतलेत, पावती पुस्तक घेऊन घरोघर फिरलोय. आपल्या पोराला चारचौघांत कोणी नावाने हाक मारून पुढे बोलावतं, याचं मोल ज्यांच्या बापजाद्यांना कधी नावानेच हाक मारली गेली नाही त्यांनाच कळतं. पण दरवर्षी खुर्च्या मांडताना एक प्रश्न मला टोचतो. दहावीच्या या स्टेजपर्यंत जी पोरं पोचलीच नाहीत, ती कुठे गळाली? आणि ती गळत होती तेव्हा आपण कुठे होतो?

माझं म्हणणं सरळ आहे. समाजाने पहिला सत्कार दहावीला करू नये, प्राथमिक शाळा संपते तिथे करावा. टक्के न विचारता करावा, प्रत्येक मुलाचा करावा. आणि सत्कार झाल्यावर ते मूल जूनमध्ये पुढच्या शाळेत बसलंय की नाही, हे बघायला जावं. हे ऐकून काही जण हसतील. चौथी-पाचवी पास होणं ही काय सत्कार करायची गोष्ट आहे? त्यांना मी इतिहासातला एक सत्कार आठवून देतो.

एका मुलाचा सत्कार, ज्याला बापाचाच विरोध होता

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नाही, म्हणून आपल्यातल्या अनेकांच्या वाचनात ती नाही. आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना बाबासाहेब त्यात थेट शाळेच्या दिवसांत जातात. ते इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा समाजातल्या मंडळींना जाहीर सभा घेऊन त्यांचं अभिनंदन करायचं होतं. बाबासाहेब स्वतःच कबूल करतात की इतर समाजांतलं शिक्षण पाहिलं तर ही काही सोहळ्याची बाब नव्हती. पण आपल्या समाजातला इथवर पोचलेला हा पहिलाच मुलगा, म्हणून लोकांना ते फार मोठं वाटत होतं.

मंडळी रामजीबाबांकडे परवानगी मागायला गेली. रामजीबाबांनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, एक परीक्षा तर पास झालाय, त्याने दुसरं केलंय काय, असं त्यांचं म्हणणं. मंडळी हिरमुसली, पण हटली नाही. ती रामजीबाबांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेली. केळुसकर गुरुजींनी रामजीबाबांची समजूत घातली आणि सभा झाली. अध्यक्ष केळुसकरच होते. भाषणाच्या शेवटी त्यांनी त्या मुलाच्या हातात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र ठेवलं.

चरित्रकार हा सत्कार १९०७ सालचा, मॅट्रिकनंतरचा सांगतात आणि अध्यक्ष म्हणून सीताराम केशव बोले यांचं नाव देतात. पण बाबासाहेबांच्या स्वतःच्या लेखणीतून उतरलेली आठवण इंग्रजी चौथीची आहे. मी इथे त्यांच्याच शब्दाला धरून चालतो.

आता 'इंग्रजी चौथी' म्हणजे काय, तेही नीट समजून घेऊ. त्या काळी आधी मराठी चार इयत्ता आणि त्यानंतर इंग्रजी सात इयत्ता असत. म्हणजे इंग्रजी चौथी ही साधारण आजची आठवी. आजच्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक शिक्षण जिथे संपतं, बरोबर तोच टप्पा. ज्यांना 'चौथी-आठवीचा कसला सत्कार' असं वाटतं, त्यांनी लक्षात ठेवावं की आपल्या समाजाने आपल्या सर्वांत मोठ्या विद्यार्थ्याचा सत्कार नेमका याच टप्प्यावर केला होता. तोही सहज झाला नव्हता, बापाशी वाद घालून मिळवला होता.

७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून आता राज्यभर साजरा होतो. १९०० साली त्या दिवशी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचा प्रवेश झाला. प्रवेशाचा दिवस आपण साजरा करतो, हे योग्यच आहे. पण प्रवेश घेतलेलं मूल टप्पा पूर्ण करून बाहेर पडलं, तो दिवस आपल्या कॅलेंडरमध्ये कुठेच नाही.

रामजीबाबांचं म्हणणं चूक होतं का?

नव्हतं. मला तर वाटतं, आजच्या गुणगौरव सोहळ्यांनी रामजीबाबांचा आक्षेप फ्रेम करून लावावा. पोराच्या डोक्यात हवा जाईल ही भीती खरी आहे. दहावीला ९२ टक्के म्हणून हारतुरे घेतलेला मुलगा अकरावीत एका विषयात नापास होतो आणि वस्तीत तोंड दाखवत नाही, हे मी पाहिलंय. आपण टक्क्यांचा सत्कार केला आणि टक्के गेल्यावर त्याच्याजवळ काही उरलं नाही.

पण जमलेली मंडळीही चूक नव्हती. त्यांना त्या मुलाच्या गुणांशी देणंघेणं नव्हतं. इथवर आपल्यातलं कोणीतरी पोचू शकतं, हे त्यांना सगळ्यांसमोर उभं करून दाखवायचं होतं. सभा एका मुलाच्या नावाने झाली, पण ती भरवली होती आपल्याच समाजातल्या बाकीच्या पोरांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी.

या दोन्ही म्हणण्यांमधून वाट काढली केळुसकर गुरुजींनी. त्यांनी सत्कार होऊ दिला आणि हातात पुस्तक दिलं. पुस्तक डोक्यात गेलं तर त्याची हवा होत नाही, त्याचा प्रश्न होतो. बाबासाहेबांच्या बाबतीत नेमकं तेच झालं. पुस्तक वाचल्यावर त्यांनी वडिलांनाच विचारलं की तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बुद्धाची ओळख का करून दिली नाही? वडिलांनी आपल्या परीने उत्तर दिलं. ते मुलाला पूर्ण पटलं नाही. तो प्रश्न १९५६ च्या १४ ऑक्टोबरपर्यंत चालत आला. बाबासाहेब धम्माकडे जाण्याची कितीतरी कारणं आहेत, एका पुस्तकाने सगळं झालं असं मी म्हणणार नाही. पण आपल्या वाटेची सुरुवात सांगताना त्यांनी स्वतः त्या पुस्तकापासून सुरुवात केली, हे विसरता येत नाही.

आता आपल्या सोहळ्यांत काय देतो ते बघा. प्लॅस्टिकच्या चकाकत्या ट्रॉफ्या. त्यावर मुलाचं नाव लहान आणि सौजन्य देणाऱ्याचं नाव मोठं. दोन वर्षांनी ती ट्रॉफी माळ्यावर असते. फुले दांपत्याच्या शाळेतली एक गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते. बक्षीस म्हणून खाऊ देऊ लागलेल्या पाहुण्यांना एक चिमुरडी म्हणाली, आम्हाला खाऊ नको, शाळेला वाचनालय द्या. त्याच शाळांतली मुक्ता साळवे, मातंग समाजातली मुलगी, अवघी तीन वर्षं शिकली होती. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तीन वर्षांची शाळा आणि थेट धर्मसत्तेला प्रश्न. विद्यार्थ्याची कर्तबगारी मोजायची असेल तर ही मोजपट्टी वापरा.

शंभरातले अठरा

सत्काराच्या त्या आठवणीनंतर आता बाबासाहेबांचं एक भाषण घेऊ. तारीख १२ मार्च १९२७. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला आठ दिवस बाकी होते. मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू होती आणि नामनियुक्त सदस्य डॉ. आंबेडकर बोलायला उभे राहिले. त्यांनी सरकारपुढे आकडा ठेवला : प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ मुलं चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शिक्षणाचा प्रसार या गतीने चालला तर शाळेच्या वयाची सगळी मुलं शाळेत यायला ४० वर्षं आणि सगळ्या मुली यायला ३०० वर्षं लागतील, असंही त्यांनी सुनावलं. प्राथमिक शिक्षणाचा हेतू काय, तर शाळेच्या दारातून आत आलेलं मूल आयुष्यभर साक्षर राहील इतकं शिकूनच बाहेर पडावं. तेवढं होत नसेल तर केलेला खर्च वाया गेला, असा त्यांचा युक्तिवाद होता.

म्हणजे एकीकडे पाणी पिण्याच्या हक्कासाठी महाडची तयारी चालू आहे आणि त्याच आठवड्यात हा माणूस चौथीपर्यंत किती पोरं टिकतात ते मोजतोय. चळवळीचा अर्थ त्यांच्या लेखी दोन्ही होता. आपण महाड दरवर्षी २० मार्चला साजरं करतो. १२ मार्चचं ते भाषण किती शाखांमध्ये वाचलं जातं?

बाबासाहेबांच्या आधीही आपल्या परंपरेने हाच मुद्दा धरला होता. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली बडोदा संस्थानभर सक्तीचं शिक्षण आणलं. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया ही चैनीची रक्कम नव्हती. मुलगा शाळेत टिकला पाहिजे यासाठी राजा दंड लावत होता. आपण मात्र टिकलेल्यांचा हार घालून सत्कार करतो आणि गळालेल्यांची चौकशीही करत नाही.

आज शाळा कुठे तुटते?

कोणी म्हणेल, १९२७ चं आता काय सांगता, आता सगळेच शिकतात. पहिलीत नाव नसलेलं मूल आज विरळा, हे खरं आहे. पण गळती संपली नाही, तिच्या जागा बदलल्या. प्राथमिक शिक्षणाच्या वाटेवर तीन ठिकाणी खड्डे आहेत.

पहिला खड्डा चौथीनंतर. आपल्या असंख्य खेड्यांत, तांड्यांवर, वाड्यांवर जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच आहे. कायदा म्हणतो पहिली ते पाचवी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. प्रत्यक्षात पाचवीसाठी दुसऱ्या गावाला जायचं म्हणजे एसटीची वेळ, ओढ्याचं पाणी, आणि मुलगी असेल तर 'एकटी कशी पाठवायची' हा घरातला प्रश्न. माझ्या आईचं शिक्षण चौथी. ती हुशार नव्हती म्हणून नाही, पाचवीचा वर्ग चार किलोमीटरवर होता म्हणून. कमी पटाच्या शाळा मिटवून 'समूह शाळा' करायचा विचार सरकारने २०२३ साली पुढे आणला, तेव्हा मला पहिल्यांदा आईच आठवली. शाळा दूर गेली की आधी कोणाची पोरगी घरी बसते, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

दुसरा खड्डा पाचवीला. २०१९ मध्ये केंद्राचा कायदा बदलला आणि त्यानंतर महाराष्ट्राने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली. मूल नापास झालं तर पुन्हा परीक्षेची संधी आहे, तिथेही नापास झालं तर त्याच वर्गात बसवलं जातं. गुणवत्ता हवी, याबद्दल वाद नाही. पण ज्या पोराच्या आईबापांची दिवाळी झाली की बिऱ्हाड ऊसतोडीला निघतं, जे मूल चार-पाच महिने फडावर किंवा वीटभट्टीवर असतं आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतं, ते मूल परीक्षेत मागे पडलं तर नापास कोण झालं? मूल, की हंगामी वसतिगृहाची सोय त्याच्यापर्यंत न पोचवणारी यंत्रणा? नापासाचा शिक्का मात्र मुलाच्याच कपाळावर बसतो, आणि दोनदा नापास झालेलं मूल तिसऱ्यांदा शाळेत येत नाही.

तिसरा खड्डा आठवीनंतर. आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांवर खाजगी शाळेत गेलेल्या आपल्या मुलांची मोफत सोय आठवीपर्यंतच आहे. नववीत त्याच शाळेची फी समोर उभी राहते. २०२४ मध्ये तर सरकारने नियमच बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी शाळांना या जागांमधून मोकळं केलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला म्हणून तो दरवाजा उघडा राहिला. पण नववीच्या फीचं काय, याचं उत्तर कोणाकडे नाही.

हे तिन्ही खड्डे दहावीच्या आधीचे आहेत. आपला सत्कार दहावीनंतरचा आहे. खड्डा एकीकडे आणि आपण हार घेऊन दुसरीकडे, असं हे चाललंय.

शाळेतला निरोप समारंभ

प्राथमिक शाळांमध्ये निरोप समारंभ होत नाहीत असं नाही. शहरातल्या इंग्रजी शाळांत तर बालवाडी संपली की काळे झगे आणि टोप्या घालून पदवीदान होतं, त्याचा खर्च पालकांकडून घेतला जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी-बाई पदरमोड करून जिलेबी किंवा पोहे करतात, पोरं भाषण करता करता रडतात, शाळेला एखादं घड्याळ भेट देतात. या साध्या समारंभात जीव असतो.

मागे एका शाळेच्या अशा कार्यक्रमाला मला बोलावलं होतं. नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. पहिला नंबर, दुसरा नंबर, उत्तम नृत्य, सुंदर हस्ताक्षर अशी बक्षिसं झाली. मागच्या रांगेत एक मुलगी बसली होती. बाईंनी नंतर सांगितलं की ही पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येते, आई धुणीभांडी करते, चार वर्षांत हिच्या गैरहजेऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. मी विचारलं, मग हिला बक्षीस का नाही? बाई गोंधळल्या. म्हणाल्या, "सर, तसा काही प्रकार नाही ना आपल्याकडे."

तसा प्रकारच नाही. हीच तर गोष्ट आहे. ज्या गुणांवर आपला समाज इथवर आला, म्हणजे टिकून राहणं, भावंडं सांभाळून शिकणं, उपाशी पोटी वर्गात बसणं, त्या गुणांसाठी बक्षिसाचा रकानाच नाही. नंबर काढणारी व्यवस्था ज्याला घरात टेबल, खोली आणि शिकवणी मिळते त्याला वर काढते, आणि बाकीच्यांना चौथीतच सांगून टाकते की तुम्ही मागचे. जातीची उतरंड पोरांच्या मनात रुजायला एवढं पुरेसं असतं. शाळा ते करत असेल तर निदान आपल्या विहारात तरी ते होऊ नये.

दाखला : वरचा कागद आणि आतली नोंद

प्राथमिक शाळा संपते तेव्हा हातात एक कागद येतो, शाळा सोडल्याचा दाखला. आपली माणसं तो घडी करून पेटीत ठेवतात. त्यावर काय लिहिलंय ते वाचत नाहीत. दहा वर्षांनी जातीचा दाखला काढायला, मग जात पडताळणीला गेलं की कळतं, आडनावात चूक, जन्मतारखेत चूक, जातीच्या रकान्यात भलतंच.

अनुसूचित जातीच्या पुराव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद मागितली जाते. माझे आजोबा फक्त दुसरीपर्यंत शाळेत गेले. त्यांना सहीपुरतंच लिहिता यायचं. पण त्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात त्यांच्या नावाची एक ओळ होती. तिचा निर्गम उतारा काढला आणि माझी पडताळणी झाली. दुसरीत शाळा सुटलेल्या माणसाने सत्तर वर्षांनी नातवाला हात दिला. प्राथमिक शाळेच्या रजिस्टरातल्या एका ओळीची ही किंमत आहे.

म्हणून चौथी-पाचवी संपताना दाखला वाचा. नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख, धर्म, जात, सगळं. बौद्ध कुटुंबांनी तर विशेष लक्ष द्यावं. केंद्रातही बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० पासून लागू आहेत, पण कार्यालयात जुनी नोंद विचारलीच जाते. मूल शाळेत असताना दुरुस्ती तुलनेने सोपी असते. शाळा सोडल्यावर त्याच दुरुस्तीसाठी हेलपाटे सुरू होतात. आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून पुढची शाळा प्रवेश अडवत असेल, तर शिक्षण हक्क कायद्यात तसं करता येत नाही, हेही पालकांना ठामपणे सांगा.

मग करायचं काय?

नुसती टीका करून थांबायला मी हा लेख लिहिलेला नाही. एप्रिलच्या शेवटी शाळांना सुट्टी लागते. १४ एप्रिलला आपण सगळे एकत्र असतोच. जयंतीचे कार्यक्रम पुढे महिनाभर चालतात. त्यातली एक संध्याकाळ प्राथमिक शाळा पूर्ण करणाऱ्या मुलांना द्या. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात हा कार्यक्रम दोनदा होईल.

वस्तीतली चौथी, पाचवी आणि आठवी पूर्ण करणारी प्रत्येक मुलगी आणि मुलगा बोलवा. टक्के विचारू नका, गुणपत्रिका मागू नका. मुलाबरोबर त्याच्या आईलाही स्टेजवर घ्या. मुलगा काय शिकला ते पाहुण्याने सांगू नये, मुलाने वाचून दाखवावं, अर्धं पान का असेना. अडखळला तर टाळ्या वाजवा, हसू नका. ज्याला वाचताच येत नाही, त्याला चारचौघांत उघडं पाडू नका. त्याचं नाव वहीत लिहा आणि वस्तीतल्या कॉलेजच्या एका पोराला उन्हाळाभर त्याच्यासाठी नेमा. हा त्या मुलाचा सत्कारच आहे.

भेट म्हणून पुस्तक द्या. केळुसकर गुरुजींनी दिलं होतं तसं. बुद्धाचं, सावित्रीमाईचं, शिवरायांचं, विज्ञानाचं, गोष्टींचं, काहीही, पण त्या वयाच्या मुलाला वाचता येईल असं. आणि मुलाने ते वाचून प्रश्न विचारला तर रामजीबाबांसारखं निदान ऐकून घ्या आणि उत्तर द्या.

पुढचं काम सगळ्यांत महत्त्वाचं. एक वही करा. त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहा : जूनमध्ये कुठल्या शाळेत, कुठल्या वर्गात, जायची सोय काय, अडचण काय. पाचवीत जाणाऱ्या मुलांना नवोदयचा फॉर्म वेळेत भरायला सांगा. नवोदयमध्ये निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, पण तिसरी ते पाचवी ग्रामीण शाळेत झालेली लागते, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. सहावीत जाणाऱ्यांना समाजकल्याणच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठीच्या शासकीय निवासी शाळांची माहिती द्या, त्या सहावीपासून सुरू होतात. पाचवीत गेलेल्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती मिळू शकते, मुख्याध्यापकांकडे तिची चौकशी करा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वही घेऊन घरोघर जा. जे मूल शाळेत गेलं नाही त्याच्या नावावर लाल खूण करा आणि ती यादी घेऊन पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर बसा.

कोणी म्हणेल, हे सरकारचं काम आहे, समाजाने का करावं? सरकारचंच आहे. म्हणूनच यादी हवी. 'आमच्या वस्तीत गळती आहे' असं निवेदन दिलं तर पोच मिळते आणि विषय संपतो. 'ही सात नावं, हे त्यांचे पत्ते, यातल्या चार मुली, शाळा पाच किलोमीटरवर, वाहतुकीची सोय नाही' असं लिहून दिलं की अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. बाबासाहेब विधिमंडळात शंभरातले अठरा हा आकडा घेऊन उभे राहिले होते. आपण आपल्या वस्तीचा आकडा घेऊन तालुक्याला तरी उभं राहू.

दुसरा आक्षेप असा येईल की सगळ्यांचा सत्कार केला तर सत्काराची किंमत काय राहिली? मी म्हणतो, किंमत तिथेच आहे. दहावीला पहिल्या आलेल्याचा सत्कार जगही करेल, पेपरवाले करतील, क्लासवाले त्याचा फोटो लावतील. भावाला कडेवर घेऊन चौथी पूर्ण करणाऱ्या पोरीचा सत्कार आपल्याशिवाय कोणीही करणार नाही.

रामजीबाबांनी परवानगी नाकारली तेव्हा ती मंडळी घरी परत गेली असती तर त्यांना कोणी दोष दिला नसता. ती गेली नाहीत. एका मुलासाठी ती दुसऱ्या दारात उभी राहिली. त्या माणसांची नावंही आज आपल्याला माहीत नाहीत. पण त्यांनी त्या वयाच्या एका मुलाला महत्त्व दिलं, म्हणून ते पुस्तक त्याच्या हातात पडलं. तुमच्या वस्तीत या एप्रिलमध्ये प्राथमिक शाळा संपवणारी पोरं किती आहेत? आज संध्याकाळी मोजा. आकडा सांगता आला नाही, तर आपलं काम कुठून सुरू करायचं ते कळेल.

जय भीम!